घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देताय? रोजची कामं कशी सांभाळता?

पागोळी

राहत्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्ही सुटीवर येणाऱ्यांना देतो. कामाला मी आणि नवरा, गर्दीच्या दिवसांत एक मावशी मदतीला येतात. खोली कशी सजवावी, फोटो कसे काढावेत यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं. पण सकाळी एक कुटुंब निघतं, दुपारी दुसरं दारात उभं राहणार असतं, त्या मधल्या चार-पाच तासांत काय आणि कोणत्या क्रमाने करायचं ते कोणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की या कामात जे काही साधतं किंवा फसतं ते या मधल्या तासांत. म्हणून आमचा क्रम सविस्तर लिहिते, तुमचाही लिहा.

पाहुणे निघाले की आधी खिडक्या सताड उघडायच्या आणि अंथरुणं काढायची. झाडू नंतर. मशीनला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, ती आधी सुरू झाली की बाकीची कामं उरकेपर्यंत तिचं काम चालू राहतं. चादर काढताना झटकायची नाही, चारी कोपरे आत घेत गुंडाळत आणायची. केस, धूळ, एखादा हरवलेला डूल, सगळं आतच राहतं आणि मशीनजवळ उलगडल्यावर हाती लागतं. गुंडाळण्याआधी डागांवर नजर टाकायची. रक्ताचा डाग असेल तर चादर थंड पाण्यात, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो. तेलकट डागावर भांडी घासायचं द्रव थोडा वेळ चोळून ठेवायचं, मगच मशीन.

मग विसरलेल्या वस्तू. झाडू फिरवण्याआधी पलंगामागचं प्लग पॉइंट, उशीच्या अभ्र्याच्या आत, बाथरूमच्या दारामागचा हुक, कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा आणि पलंगाखाली हात घालून बघायचं. चार्जर बहुतेक वेळा पलंगामागेच असतो. सापडलेली वस्तू पिशवीत, पिशवीवर तारीख, आणि फोटो काढून पाहुण्यांना लगेच निरोप. आपण आधी कळवलं की विषय तिथेच मिटतो. त्यांनी विचारेपर्यंत थांबलो तर उगाच शंकेला जागा होते.

त्यानंतर बाथरूममध्ये जंतुनाशक लावून बाहेर यायचं. लावलं की लगेच पुसलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. किती वेळ ओलं राहू द्यायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, बरेचदा पाच ते दहा मिनिटं. तेवढ्यात खोलीतली धूळ वरून खाली पुसून होते: पंखा, कपाटाचा माथा, खिडकीच्या चौकटी, मग टेबल. एक गोष्ट जीवावर बेतू शकते म्हणून मुद्दाम लिहिते. ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या फवाऱ्याबरोबरही ब्लीच विषारी वायू सोडतं. आमच्याकडे या बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि मावशींना हे पहिल्याच दिवशी दाखवून सांगितलं आहे. नुसती सूचना चिकटवून काम भागत नाही.

पलंग आवरायचा, मग फरशी, आतून दाराकडे येत. शेवटी बाथरूमचा दिवा मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा. उभ्याने स्वच्छ दिसणाऱ्या फरशीवर केस चमकताना दिसतात, विशेषतः जाळीभोवती आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यात. पाहुण्याला एक केस दिसला की अख्ख्या सकाळच्या मेहनतीवर पाणी पडतं.

तुम्ही काय वेगळं करता?

उंबरा

धागा फार गरजेचा होता. टॉर्चचं आजपासून चालू.

तुमच्या क्रमात एक भर घालतो: ढेकूण. नाव काढलं की लोक दुखावतात, जणू घर अस्वच्छ आहे असा आरोप केला. पण ढेकणाला घाणीशी देणंघेणं नसतं, तो प्रवाशांच्या बॅगांतून येतो. ज्या घरात सतत नवी माणसं येतात तिथे तो कधी ना कधी येणार असं धरूनच चालावं.

चादर निघाली आणि गादी उघडी पडली की दोन मिनिटं इथे द्यायची. गादीची शिवण बोटांनी ताणून टॉर्चच्या उजेडात बघायची, डोक्याकडची बाजू आणि चारी कोपरे आधी. शाईच्या टाकाचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके ओळीने दिसले, ओल्या कापडाने पुसल्यावर ते तपकिरी फिसकटले, पिवळट पारदर्शक कात सापडली, की समजायचं. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा असतो, डोळ्यांना दिसतो. अंडी जेमतेम एक मिलिमीटरची आणि पांढरट, ती सहसा सुटतात. पलंगाचा डोक्याकडचा फळा भिंतीपासून ओढून मागची बाजू आणि स्क्रूची भोकं बघायची. लाकडी पलंग असेल तर हे टाळूच नका.

सापडले तर त्या खोलीतली चादर दुसऱ्या खोलीत न्यायची नाही, जागच्या जागी पिशवीत बांधायची. कपडे ६० अंशांवर धुतले किंवा ड्रायरमध्ये चांगल्या उष्णतेवर अर्धा तास फिरवले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. धुता न येणारी लहान वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. आणि खोली बंद ठेवून ते उपाशी मरतील या भरवशावर राहू नका, काही महिने न खाता जगतात. जाणकार माणसाला बोलवा. एका फवारणीत बहुतेक वेळा काम होत नाही, अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फेरी लागते. तोवर आरक्षणं रद्द करावी लागली तरी करा, पुढच्या पाहुण्याच्या घरी ते पाठवण्यापेक्षा बरं.

गादीला चेनचं पूर्ण बंद कव्हर घातलं तर शिवण तपासायचा त्रास निम्म्याने कमी होतो.

सुईदोरा

+१ उंबरा. गादीचं कव्हर पाणी न झिरपणारं घ्या, लहान मुलं येतात.

अंथरूण-पांघरुणाबद्दल थोडं. प्रत्येक पलंगाला तीन संच हवेतच: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनांवर चालवणाऱ्यांचा जीव पावसाळ्यात टांगणीला लागतो, कारण वाळलं नाही तर घालायला काही नसतं. सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे घ्या. एक फाटलं तर त्याच्या जागी दुसरं बसतं, जोड्या लावत बसावं लागत नाही. पांढरं घ्यावं की रंगीत यावर बायकांचे वाद होतात. मी पांढऱ्याच्या बाजूची आहे: डाग लगेच दिसतो, ब्लीच चालतं, आणि रंग उडून जुनाट दिसायची भीती नाही.

टॉवेलला सॉफ्टनर घालू नका. हाताला मऊ लागतो, पण धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. आणि बेसिनजवळ एक गडद रंगाचा छोटा रुमाल ठेवा, तोंड पुसायला. काजळ आणि लिपस्टिक त्याला लागते, पांढरे टॉवेल वाचतात.

निळी_खिडकी

सगळं पटलं, फक्त मूळ गृहीतक पटलं नाही. सकाळी एक निघणार आणि दुपारी दुसरे येणार हे घेताच कशाला? आम्ही दोन आरक्षणांच्या मध्ये एक दिवस कायम रिकामा ठेवतो. उत्पन्न कमी होतं, मान्य. पण घरात सासूबाई आहेत, मुलाचा अभ्यास आहे. रोज त्या चार तासांची धावपळ घरात आणली की आठवड्याच्या शेवटी कोणी कोणाशी धड बोलत नाही. शिवाय गादी, उशा, पडदे यांना हवा लागायला वेळ मिळतो, नळ गळतोय का हे निवांत बघता येतं. खोल्या घरात आहेत म्हणून घर हॉटेलच्या घड्याळावर चालवायचं का?

पागोळी

निळी_खिडकी, तुमचं म्हणणं मी मनापासून मान्य करते. ज्यांना परवडतं त्यांनी हेच करावं. आमच्याकडे हंगाम छोटा आहे, त्या दिवसांत रिकामा दिवस परवडत नाही. हंगाम संपला की आम्हीही तसंच करतो. पण एक बघा, मध्ये रिकामा दिवस असला तरी काम पाहुणे निघाल्या निघाल्याच केलं तर बरं. वास, डाग, ओल ताज्यापणी निघतात, आणि काही मोडलं असेल तर ते कोणाकडून मोडलं हे त्याच दिवशी कळतं. रिकामा दिवस दुरुस्तीसाठी आणि आपल्यासाठी ठेवायचा.

वेळा मात्र कडक. निघायची वेळ सकाळी दहा, यायची दुपारी तीन. लवकर येऊ का असं विचारलं तर खोली नाही, पण बॅगा ठेवून जा असं सांगतो. एकदा एकाला बारा वाजता आत घेतलं की मधले तास संपलेच.

कंदील

मधल्या तासांचा खरा शत्रू मला वाटतं दुहेरी आरक्षण. दोन संकेतस्थळांवर खोली टाकली आणि दोन्ही कॅलेंडरं आयकॅलच्या दुव्याने जोडली की लोक निर्धास्त होतात. तो दुवा कसा चालतो ते समजून घ्या. एक संकेतस्थळ दुसऱ्याची फाइल ठरावीक वेळाने ओढून घेतं, त्यात काही तास जाऊ शकतात. त्या मधल्या काळात दुसरीकडे तीच तारीख मोकळी दिसते. शिवाय त्यातून जातात त्या फक्त भरलेल्या तारखा, भाडं किंवा पाहुण्यांची माहिती जात नाही. हंगामात शेवटच्या क्षणाची आरक्षणं एकाच संकेतस्थळावर सुरू ठेवायची, दुसरीकडे किमान दोन-तीन दिवस आधीची अट घालायची. खोल्या जास्त असतील तर चॅनल मॅनेजर नावाची सेवा घ्यावी, ती थेट जोडलेली असते आणि बदल लगेच पोहोचतो. दोन खोल्यांना तिची गरज पडतेच असं नाही.

आणि फोनवरून ठरलेलं आरक्षण? ते बोलत असतानाच कॅलेंडरमध्ये बंद करायचं. "नंतर टाकतो" म्हणायचं नाही.

किल्लीबद्दलही लिहितो. किल्लीच्या बिल्ल्यावर घराचा पत्ता कधीच लिहू नका. आकड्यांचं कुलूप असेल तर प्रत्येक पाहुण्याला नवा आकडा, आणि तो ते निघतील त्या वेळी बंद. बॅटरीवरचं कुलूप असेल तर बॅटरी संपायची वाट बघू नका, ठरलेल्या महिन्यात बदलूनच टाका. साधी किल्ली घरात दुसऱ्या कोणाकडे तरी असलीच पाहिजे.

देवडी

वाचतेय. आमच्याकडे आत्ताच सुरुवात झाली आहे, खूप उपयोगी.

एक विचारते: पाहुणे रात्री अकरालासुद्धा निरोप पाठवतात, वायफायचा पासवर्ड काय, गरम पाणी कसं लावायचं. तुम्ही हे कसं हाताळता?

सुईदोरा

देवडी, एकच प्रश्न तीन पाहुण्यांनी विचारला की त्याचं उत्तर खोलीत चिकटवायचं. जिथे प्रश्न पडतो तिथेच. गिझरच्या बटणाशेजारी गिझरचं, वायफायचं टेबलावर आणि क्यूआर कोडसकट. पाच पानी माहितीपुस्तिका कोणी वाचत नाही. आणि येण्याच्या आदल्या संध्याकाळी एक छोटा निरोप: पत्ता, गाडी कुठे लावायची, दार कसं उघडायचं, तातडीला कोणता नंबर. एवढंच.

घराचं वायफाय आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते.

कंदील

आणि रात्रीची एक वेळ ठरवून आधीच सांगा की त्यानंतर फक्त तातडीच्या कामाला फोन. लोक ऐकतात. आधी सांगितलेलं कोणाला खटकत नाही, आयत्या वेळी सांगितलेलं खटकतं.

उंबरा

गरम पाण्याचा विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेचं बोलू, कारण हे बहुतेक जण शेवटी आठवतात. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर आजच बाहेर काढा. ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, आणि आंघोळ करणारा माणूस दार उघडण्याआधीच कोसळतो. घरच्यांना खिडकी उघडी ठेवायची सवय असते, पाहुण्याला ती ठाऊक नसते, तो थंडीने बंद करतो. विजेचा गिझर असेल तर बोर्डावरच्या वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर वीज तुटली नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत खोली देऊ नका.

धूर ओळखणारा भोंगा प्रत्येक झोपायच्या खोलीत. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का हे अंथरूण बदलताना बघायचं, चालता चालता होतं.

निळी_खिडकी

कॅमेऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या ओळखीत एकांनी जिन्यात, आतल्या बाजूला बसवला होता, "सुरक्षेसाठी". घरात आपणही राहतो हे खरं, पण पाहुणा रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही हा विश्वास त्याला असायलाच हवा. एअरबीएनबीने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे पूर्ण बंद केले आहेत, बंद करून ठेवलेलासुद्धा चालत नाही. बाहेर दारावर असेल तर तो कुठे आहे हे जाहिरातीतच लिहावं लागतं. नियम नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

पागोळी

शंभर टक्के. आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: आपल्या घराचा कोणता भाग त्यांचा नाही हेही स्पष्ट हवं. आम्ही मधल्या दाराला कडी लावली. त्याआधी पाहुण्यांची मुलं आमच्या मुलीच्या खोलीत यायची, तिला ते मुळीच आवडायचं नाही, आणि तिचं बरोबर होतं. घरातल्या प्रत्येकाला "आज नको" म्हणायचा हक्क असावा. सासरे महिन्यातून दोन दिवस मागून घेतात, त्या दिवशी दोन्ही खोल्या बंद. कॅलेंडरमध्ये ते दिवस सगळ्यांत आधी भरले जातात.

अभिप्रायांचंही जाता जाता लिहिते. एअरबीएनबीवर दोघांनाही १४ दिवस मिळतात आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ते दिसतात, त्यामुळे समोरच्याचं बघून लिहिण्याचा प्रश्न येत नाही. खोली आवरताना जे दिसलं ते त्याच दिवशी खरं-खरं लिहून टाकायचं. पुढच्या यजमानाला त्याचाच आधार असतो.

देवडी

हंगाम नसताना खोली महिनाभर बंद राहिली की कुबट वास येतो. कितीही धूप, सुगंधी फवारे मारले तरी दोन दिवसांनी पुन्हा तोच. काय करायचं?

कंदील

देवडी, वास कुठून येतोय ते आधी शोधा. दोन कारणं सगळ्यांत जास्त सापडतात.

पहिलं, मोरीचं. प्रत्येक जाळीखाली आणि बेसिनखाली वळणाच्या नळीत थोडं पाणी साठून असतं, तेच गटाराचा वास अडवतं. खोली वापरात नसली की ते पाणी वाळतं आणि वास सरळ वर येतो. उपाय साधा: आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत एक मग पाणी. लांब गावाला जाणार असाल तर वर चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी उशिरा वाळतं.

दुसरं, ओल. हवेतली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते खोलीत ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं किलकिली ठेवा, गादी भिंतीला उभी करून ठेवा. फवाऱ्याने वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते, आणि दम्याच्या पाहुण्याला पहिल्या रात्रीच त्रास होतो.

उंबरा

कंदील यांनी पाण्याचं सांगितलंच, त्याला जोडून: जाळीत मग ओतताना नळ आणि शॉवरही काही मिनिटं सोडा. नळ्यांत कोमट पाणी साचून राहिलं की लीजनेला नावाचा जंतू वाढतो, २० ते ४५ अंशांत त्याला फावतं. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात न्यूमोनियाची मोठी साथ आली, त्या तपासातून तो ओळखला गेला. शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातो, म्हणून पहिलं पाणी सोडताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि शॉवरची चाळणी बादलीत बुडवा. टाकीच्या गिझरचं पाणी ६० अंशांवर तापत असलं पाहिजे. शॉवरच्या चाळणीवर पांढरा थर बसला असेल तर सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, क्षार विरघळतात. पण त्याच बाथरूममध्ये ब्लीच ओतलेलं नाही ना हे बघून.

देवडी

मोरीच होती! दोन्ही जाळ्यांत पाणी ओतलं, वास गेला. मनापासून आभार.

शेवटचं विचारते. अजून पहिले पाहुणे यायचे आहेत. खोली तयार आहे असं कसं ठरवायचं?

पागोळी

एक रात्र तुम्ही दोघं त्या खोलीत पाहुण्यांसारखे राहा. स्वतःचं घर आहे म्हणून आतल्या खोलीतून काही आणायला जायचं नाही, जे लागेल ते कागदावर लिहायचं. फोन चार्ज करताना वायर उशीपर्यंत पोहोचते का, रात्री बाथरूमला जाताना दिवा अंधारात सापडतो का, ओला टॉवेल टांगायला जागा आहे का, सकाळी पडद्याच्या फटीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं का, तुमच्या स्वयंपाकघरातला आवाज तिथे किती जातो. बॅग उघडून ठेवायला जागा नसते, हे जवळजवळ प्रत्येक घरात निघतं. एक बुटकं बाक पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली पूर्ण आवरा आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघा. मग त्यात निम्मा वेळ आणखी धरा आणि त्यावरून येण्या-जाण्याच्या वेळा ठरवा. सुरुवातीला निळी_खिडकी म्हणतात तसा मध्ये एक दिवस रिकामा ठेवाच. खरेदीत चादरींचे तीन संच आणि गादीचं कव्हर आधी, शोभेच्या वस्तू हळूहळू येतील. आणि पहिले पाहुणे गेले की इथे लिहा, काय राहून गेलं ते.